मदत हवी आहे: पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, बिनपंख्याचा कॉम्प्युटर तग धरेल का?

नमस्कार मंडळी,

मानवतला (जि. परभणी) आमची छोटी अभ्यासिका आहे. नीट आणि पोलीस भरतीची पोरं पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसतात. सराव परीक्षा, रेकॉर्ड केलेली लेक्चरं आणि पीडीएफ एवढ्यासाठी चार कॉम्प्युटर जोडायचेत. पंखा नको, कारण तिथं पान उलटलेलंही ऐकू येतं आणि जुन्या डब्यांची घरघर पोरांना सहन होत नाही. त्याहून मोठं कारण कापूस. आजूबाजूला जिनिंग आहेत. हंगामात रुईचे तंतू हवेत असतात, पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणारा, पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा) फटी गच्च बुजतात.

मनात आहे तो इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे छोटा मदरबोर्ड, १७० बाय १७० मिमीचा. प्रोसेसर बोर्डावरच पक्का बसवलेला, वर नुसतं हीटसिंक, रेटिंग ६ वॅट. ८ जीबी रॅम, एसएसडी, लिनक्स. अ‍ॅझरॉकच्या एका बोर्डाला लॅपटॉपसारखी १९ व्होल्टची पिन थेट लागते, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा वाचतो आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ पुरतो.

अडचण उन्हाची आहे. व्हिडिओत दाखवतात ते सगळं एसी खोलीत. आमच्याकडं वर पत्रे, मे महिन्यात दुपारी खोलीतच ४२ अंश. दुकानदार सांगायलाय, "पंखा घ्याच, नाहीतर जळंल." खरंच जळंल का? आणि केस (बोर्ड बसवायचा डबा) बंद घ्यावी की जाळीची?

प्रतिसाद १

जळणार नाही. चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाते ते बघा. समजा २५ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर ती ६५ ला स्थिरावली, तर वाढ ४० ची. तेच काम ४२ च्या खोलीत ८२ च्या आसपास जाईल. एन१०० ची मर्यादा १०५ आहे आणि तिथं पोचला की तो आपोआप वेग उतरवतो. शिवाय व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्सचा भाग करतो, त्यामुळे लेक्चर बघताना लोड फारसा नसतो. तरी धाकधूक असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे चिपनं किती वॅट घ्यायचे ती मर्यादा, कमी करून ठेवा.

मला काळजी वाटते ती अडॅप्टरची. बऱ्याच अडॅप्टरचं रेटिंग ४० अंशांपर्यंतचंच असतं. गरजेच्या दुप्पट वॅटचा घ्या आणि टेबलाच्या बंद खणात ठेवू नका. एसएसडी साटाची (केबलनं जोडायची) घ्या, एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी) बोर्डाला चिकटून जास्त तापते.

प्रतिसाद २

केस जाळीची. या बोर्डाचं हीटसिंक आतल्या हवेवर जगतं, डबा बंद केला की तीच हवा तापत राहते. चिपवर ठोकळा बसवून नळ्यांनी (हीटपाइप) उष्णता केसच्या अंगापर्यंत नेणाऱ्या केस येतात, पण त्या मुख्यतः सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावरून काढता येणाऱ्या प्रोसेसरसाठी. तुमच्या बोर्डावर तो ठोकळा बसेलच असं नाही, आणि किंमतही जास्त.

खाली-वर भोकं असलेली केस भिंतीला उभी लावा. गरम हवा वरून निघते, थंड खालून येते. तंतू थोडे जातीलच, पण पंख्याइतके नाहीत. हंगाम संपला की ब्लोअर मारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आधी एकच मशीन जोडतो, दुपारी लोड देऊन तापमान बघतो, मग बाकीची. एक विचारायचं राहिलं: उभी लावल्यावर हीटसिंकच्या पट्ट्या कोणत्या दिशेला हव्यात?

प्रतिसाद २

वरखाली. आडव्या आल्या तर हवा अडते. केस घेण्याआधी बोर्डाचा फोटो बघून पट्ट्यांची दिशा ठरवा, मग ती कोणत्या कडेवर उभी करायची ते कळेल.