तंतूंवर सोन्याचेच दाणे दिसतात, थर कमी केला तर चार्जिंग

प्रश्न:
इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च विद्युतदाबाने बारीक तंतू ओढून) केलेली पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, एक पॉलिमर) तंतूंची चटई आहे. तंतू साधारण २०० नॅनोमीटरचे, आत हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे (कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचे) कण. एफई-सेम (इलेक्ट्रॉन झोतावर चालणारा सूक्ष्मदर्शक), झोताचा व्होल्टेज ५ केव्ही. सोन्याचा १० नॅनोमीटर थर दिला की १ लाख पटीला तंतू खडबडीत दिसतात. ३ नॅनोमीटरला चार्जिंग होतं, म्हणजे झोताचा विद्युतभार नमुन्यावर साचतो: पांढरे पट्टे येतात, चित्र सरकत राहतं. पृष्ठभाग तर बघायचाच आहे, शिवाय ईडीएसवर (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणारी जोडणी) फॉस्फरसही हवा.

उत्तर १:
तो खडबडीतपणा सोन्याचा. सोनं सुरुवातीला बेटाबेटांनी बसतं. ३ नॅनोमीटरला ही बेटं नीट जोडलेलीच नसतात, मग चार्ज वाहून जाणार कुठून? इरिडियम किंवा प्लॅटिनम घ्या, २-३ नॅनोमीटर पुरे. क्रोमियमही बारीक बसतं, पण हवेत ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे लगेच बघावं लागतं. स्टेज तिरकी ठेवून फिरवा, नाहीतर तंतूंच्या बगला कोऱ्या राहतात. आणि पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं! सलग कोटिंग नको. १५-२० सेकंद चालू, मिनिटभर बंद.

उत्तर २:
धातू बदलण्याआधी स्टब (नमुना बसवायची धातूची चकती) बघा. चटई नुसती कार्बन टेपवर चिकटवली असेल तर वरचा थर अधांतरीच असतो, कोटिंग कितीही चांगलं असलं तरी. इथे सिल्व्हर पेस्ट मी टाळेन: चटई तिच्यातला सॉल्व्हंट टिपकागदासारखी ओढते आणि तंतू फुगू शकतात. कडेवरून स्टबपर्यंत तांब्याची टेप दाबा, मग कोट करा.

५ केव्हीही जास्त आहे. १ केव्हीपासून सुरू करा, करंट कमी, जलद स्कॅन आणि फ्रेम अ‍ॅव्हरेजिंग (अनेक चित्रांची सरासरी). मोठ्या पटीवर थोडं थांबून पट कमी करा. स्कॅन झालेला चौकोन उजळ दिसून हळूहळू विरला तर ऋण चार्ज साचतोय, केव्ही आणखी उतरवा. काळा दिसून विरला तर उलट, थोडा चढवा. काळा चौकोन विरतच नसेल तर ते कार्बनचं प्रदूषण, केव्हीशी त्याचा संबंध नाही.

उत्तर ३:
फॉस्फरसचं मात्र यात बसणार नाही. त्याची के रेषा (त्याला ओळखायची ठरावीक एक्स-रे ऊर्जा) २.०१ केईव्हीला. प्लॅटिनमची एम रेषा २.०५, इरिडियमची १.९८, सोन्याची २.१२. ईडीएसला या वेगळ्या काढणं जमत नाही. सॉफ्टवेअर आकडा देईल, पण तो धरू नका. त्याच चटईचा दुसरा तुकडा कापून त्यावर १०-१५ नॅनोमीटर कार्बन द्या (इथेही उष्णता सांभाळा, छोट्या पल्समध्ये) आणि १० केव्हीला मॅप घ्या. कॅल्शियमची रेषा ३.६९ ला आहे, तीही त्यात नीट येईल.