आईला नागीण झाली आहे, बाळाला घेऊन बडोद्याला यावं का?

प्रेषक: शु., लेस्टर (माहेर दांडिया बाजार)

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

प्रश्न घरातला आहे, पण बडोद्याची इतकी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटणार, म्हणून इथेच विचारते.

आईला (वय 74) परवा डाव्या बरगडीखाली पुरळ उठलं. आधीचे चार दिवस नुसती आग होत होती, तिला वाटलं पित्त असेल. डॉक्टरांनी नागीण सांगितली आणि दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. मी 12 दिवसांनी बाळाला घेऊन पोचणार आहे. बाळ दहा महिन्यांचं आहे, कांजिण्यांची लस अजून झालेली नाही, आणि आईने त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. वरच्या मजल्यावर दादा-वहिनी राहतात. वहिनीला पाचवा महिना आहे. तिचं माहेर रत्नागिरीचं, आणि लहानपणी तिला कांजिण्या आल्या होत्या की नाही हे तिच्या आईलाही आठवत नाही.

दादाने घाबरून आईला मागच्या खोलीत हलवलं आहे. ताट-वाटी वेगळी, घरात फोडणी बंद, बोलायचं ते दारातून. शेजारच्या मासी म्हणतात नागीण नुसती बघितली तरी लागते. मावशी म्हणते, नागीण लागत नाही, पण पोराला अछबडा (कांजिण्या) होईल. हे कसं शक्य आहे? काल व्हिडिओवर आई म्हणाली, "तिकीट पुढे ढकल, मी काही कुठे पळून जात नाही." तिचा चेहरा बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया लिहा.

शु.

---

प्रेषक: वि., कारेलीबाग (सध्या मुलाकडे, न्यू जर्सी)

चि. शु. हिला अनेक आशीर्वाद.

मला 2011 साली कमरेला नागीण झाली होती. आमच्या वहिनींनी गेरू लावला, उतारा करणारे एक गृहस्थही येऊन गेले. तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही, एवढं सांभाळावं लागतं. तेव्हा घरात दोन नातवंडं होती, दोघं माझ्याच अंथरुणात लोळायची. एकालाही काही झालं नाही. नागीण वेगळी आणि कांजिण्या वेगळ्या. तू खुशाल ये, आईला दुःख देऊ नकोस.

वि. काका

---

प्रेषक: डॉक्टर काकू, बडोदा

प्रिय शु., आणि वि. भाऊ,

मी तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शु., तुझ्या मावशीचं म्हणणं बरोबर आहे. कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूमुळे होतात. लहानपणी कांजिण्या येतात, फोड सुकतात, खपल्या पडतात, आपण म्हणतो गेल्या. पण विषाणू गेलेला नसतो. पाठीच्या कण्याशेजारी मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो पुन्हा त्वचेपर्यंत येतो. त्या वाटेवर आधी आग होते आणि मग पुरळ उठतं. आईला वाटलेलं पित्त ते हेच. म्हणजे आईला नागीण कुणी दिलेली नाही. तिच्याच बालपणीच्या कांजिण्या साठ-पासष्ट वर्षांनी उलटल्या आहेत, आणि तिची नागीण दुसऱ्या कुणाला नागीण म्हणून लागणार नाही.

मात्र फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला त्या पाण्यातून संसर्ग झाला तर कांजिण्या येतात. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांच्या 1888 मध्येच लक्षात आलं होतं की घरात मोठ्यांना नागीण झाली की पाठोपाठ मुलांना कांजिण्या येतात. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांच्या फोडांतून विषाणू वाढवून दाखवला. तो एकच निघाला.

वि. भाऊ, तुमची नातवंडं वाचली त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. नागीण कमरेला होती, म्हणजे कपड्याखाली झाकलेली. कांजिण्यांचा रोगी श्वासातूनही विषाणू पसरवतो, तेही पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून. नागिणीत तसं नसतं. फोड येण्याआधी ती पसरत नाही, खपल्या धरल्यावर पसरत नाही, आणि मधल्या दिवसांत फोड नीट झाकलेले असले तर धोका फार कमी असतो.

तोंड-शेपटीची भीती मात्र मनातून काढून टाका. शरीराच्या प्रत्येक बाजूचे मज्जातंतू वेगळे आहेत, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबतं, विळखा पूर्ण होत नाही. आणि गेरू कृपा करून लावू नका. पुरळ दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरं होत असतं, त्यामुळे गेरूला आणि उताऱ्याला श्रेय मिळतं. पण गोळ्यांचा सगळ्यात जास्त उपयोग पुरळ उठल्यापासून पहिल्या 72 तासांत असतो, आणि ते तास असल्या उपायांत गेलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने त्यांना अंगावर सुती सदरा सहन होत नसे. तुझ्या आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या याचं मला फार बरं वाटलं. एकही चुकवू देऊ नकोस.

आता वहिनी. तुम्ही सगळे बाळाचा विचार करताय, मला तिची जास्त काळजी वाटते. उष्ण, दमट हवेच्या भागांत हा विषाणू लहान वयात सगळ्यांना गाठत नाही, पुष्कळ माणसं कांजिण्या न येताच मोठी होतात. कोकणातली मुलगी असेल तर "येऊन गेल्या असतील" असं धरून चालू नये. मोठ्या वयात कांजिण्या जड जातात, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पहिल्या वीस आठवड्यांत गर्भाला इजा होण्याचा धोका असतो. तो दोनेक टक्क्यांच्या आतला आहे, पण आहे. म्हणून उद्याच तिच्या रक्तातली या विषाणूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं तपासून घ्या. ती असली तर प्रश्नच मिटला. नसली, आणि तिने आईच्या फोडांना हात लावला असेल, तर तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. संसर्गानंतर दहा दिवसांच्या आत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन असतं. लस गरोदरपणी देत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत आईला मलम कुणी लावलं, हे आधी विचार.

बाळाचं सोपं आहे. फोड साधारण सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात. तू पोचशील तेव्हा चौदावा दिवस असेल. निघायच्या आदल्या दिवशी व्हिडिओवर जागा बघ. एकही ओला फोड नसेल तर बाळ सरळ आजीच्या मांडीवर.

आणि दादाला माझा निरोप दे, की आईला आजच्या आज पुढच्या खोलीत आण. फोडांवर स्वच्छ गॉज बांधा, टॉवेल आणि चादर वेगळी ठेवा, मलम लावणाऱ्याने हात धुवा. एवढं पुरे. दारातून बोलायची काही गरज नाही. दादाला स्वतःला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? मग त्याने तिच्याशेजारी बसून जेवावं. फोडणीचं वरणही द्या तिला. तोंडाला चव आली तर दोन घास जास्त जातील, आणि आत्ता तिला त्याची गरज आहे.

डॉक्टर काकू

---

प्रेषक: शु., लेस्टर

काकू, तुमचं पत्र दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. कांजिण्या आम्हा दोघांना एकाच मे महिन्यात आल्या होत्या, आणि तेव्हा आई तीन आठवडे आमच्या दोघांच्या मध्ये झोपली होती, हे त्यालाच आठवलं.

मलम पहिले दोन दिवस वहिनीच लावत होती. आईचा पोलकाही तिनेच धुतला. ते कळल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत आम्ही सगळे नुसते बसून होतो. आज संध्याकाळी आला. तिच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर आहेत, म्हणजे तिला कधीतरी येऊन गेल्या होत्या आणि कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्या डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं.

आई आता झोपाळ्यावर बसते. आग अजून आहे, रात्री जास्त. तिकीट तसंच ठेवलं आहे.

एक विचारायचं राहिलं. माझी सासू 68 वर्षांची आहे, तिला हे होऊ नये म्हणून काही करता येईल का?

शु.

---

प्रेषक: डॉक्टर काकू, बडोदा

शु., रिपोर्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं.

हो, नागिणीची वेगळी लस आहे, भारतात 2023 पासून मिळते. पन्नाशीनंतर घेता येते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. महाग आहे आणि दोन दिवस दंड चांगलाच दुखतो, तरी सासूबाईंना जरूर विचार. आईलाही देता येईल, पण हे सगळं पूर्ण बरं झाल्यावर, तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

रात्रीच्या आगीबद्दल दादाला उद्याच डॉक्टरांशी बोलायला सांग. मज्जातंतूंच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, साध्या वेदनाशामक गोळीने ते नेहमी थांबत नाही. तिने ते सोसत बसू नये.

डॉक्टर काकू