मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर ॲस्पिरिन: डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

नमस्कार. आम्ही कळव्यात राहतो. माझ्या थोरल्या भावाच्या (वय ५४) मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली आणि रोग तिसऱ्या टप्प्यात असल्याने त्यानंतर केमोही झाली. गेल्या आठवड्यात त्याच्या चष्म्याच्या डबीत दुमडून ठेवलेली ॲस्पिरिनची पट्टी मला सापडली; चौदांपैकी नऊ गोळ्या संपल्या होत्या. विचारल्यावर म्हणाला, "अगं, सूज उतरवणाऱ्या औषधांनी या पेशींची वाढ थांबते, ग्रुपवर आलं होतं."

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही, म्हणूनच मी अडले आहे. ॲस्पिरिनसारखी ही औषधे शरीरातले कॉक्स नावाचे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे पेशींच्या वाढीला हातभार लावणारे प्रोस्टाग्लॅंडिन ई२ हे रसायन कमी तयार होते. गंमत अशी, की याच गटातल्या सुलिंडॅक या औषधाचा कॉक्स रोखत नसलेला एक उपपदार्थही प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारतो, म्हणजे परिणामाचे आणखी काही मार्ग असणार. मात्र अशा प्रयोगांत बशीतल्या पेशींवर ओतलेल्या औषधाची तीव्रता बरेचदा गोळी घेतल्यावर रक्तात सापडते त्याहून कितीतरी जास्त असते. आनुवंशिक पॉलिपच्या (आतड्यात वाढणाऱ्या कोंबांच्या) रुग्णांत सुलिंडॅकने पॉलिप कमी झाल्याचे १९९३ मध्ये दिसले, पण औषध थांबवल्यावर ते पुन्हा वाढले. याच गटातल्या रोफेकॉक्सिबचे उदाहरण तर भीती घालणारे आहे: पॉलिप पुन्हा होऊ नयेत म्हणून केलेल्या चाचणीतच हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाढीव धोका उघड झाला आणि २००४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले.

माझी उत्सुकता वाढवली ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलास्का चाचणीने. उत्तर युरोपातील या चाचणीत, ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए जनुकात ठरावीक बदल होते, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर ३ वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ७.७ टक्के राहिले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते १४.१ टक्के होते. गंभीर दुष्परिणाम मात्र ॲस्पिरिनच्या गटात जास्त होते.

दादाच्या पॅथॉलॉजी अहवालात या जनुकाचा उल्लेखच नाही. त्यामुळे विचारायचे आहे ते असे. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा (ब्लॉक) रुग्णालयाकडून मागून घेऊन ही तपासणी आता करता येते का, आणि ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी ती करून घेतली आहे का? ब्लॉक देताना रुग्णालयाने कोणते अर्ज मागितले? खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या केंद्रात) दुसरे मत घ्यायचे झाल्यास ब्लॉक सोबत न्यावा, की काचपट्ट्या पुरतात? शिवाय केमोमध्ये त्याच्या प्लेटलेट दोनदा घसरल्या होत्या आणि पूर्वी त्याला जठरात अल्सर होता; अशा माणसाच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांनी रक्तस्रावाचा धोका कसा जोखला?

गोळी सध्या बंद करायला लावली आहे आणि शुक्रवारी आमच्या ऑन्कॉलॉजिस्टना ती पट्टी दाखवणार आहे. कृपया डोस सुचवू नका, तो तेच ठरवतील. ब्लॉक आणि तपासणीचा स्वतःचा अनुभव असेल तर त्याआधी अवश्य लिहा.