मदत हवी आहे: रीबूट न करता कर्नलचं भोक बुजवता येईल का?

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या उबंटू २२.०४ सर्व्हरवर (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ५.१५) सीव्हीई-२०२४-१०८६ या नोंदलेल्या सुरक्षा-त्रुटीचा प्रश्न आहे. एनएफ-टेबल्समधलं (कर्नलमधली फायरवॉलची यंत्रणा) यूज-आफ्टर-फ्री: मोकळी केलेली मेमरी कर्नल पुन्हा वापरतो आणि साधा युजर रूट (सर्वाधिकारी) होऊन बसतो. मूळ ५.१५ शाखेत दुरुस्ती ५.१५.१४९ मध्ये आली, पण उबंटू ती आपल्या वेगळ्या क्रमांकाखाली देतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून बोध होत नाही.

दुरुस्तीचं पॅकेज टाकलंय, पण रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू राहणार. रीबूट काही महिनाअखेरीआधी मिळत नाही (अकाउंट्सवाल्यांपुढे कोण बोलणार!). तोवर साध्या युजरांसाठी यूजर नेमस्पेस (साध्या युजरला स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात रूटसारखे अधिकार देणारी सोय) बंद केल्या तर पुरेल का? त्यांवर चालणारे रूटलेस (रूट अधिकारांशिवायचे) कंटेनर अडले तरी चालेल. की लाइव्हपॅचच (चालू कर्नल रीबूटशिवाय दुरुस्त करणारी उबंटूची सेवा) लावू? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगा.