बिअर ब्रेड मधोमध चिकट का राहतो

बिअर ब्रेड म्हणजे मैद्यात बिअर आणि बेकिंग पावडर घालून भाजलेला ब्रेड. बिअरमध्ये यीस्ट असतंच, मग त्यात बेकिंग पावडर कशाला, असा प्रश्न पडतो. बाटलीतली लागर (नेहमीची फिकट सोनेरी बिअर) बहुतेक वेळा गाळलेली, पाश्चराइज केलेली असते. जिवंत यीस्ट तिच्यात जवळपास उरत नाही. ब्रेड फुगतो तो बेकिंग पावडरमुळेच, बिअरच्या फेसाची थोडी मदत.

३७५ ग्रॅम मैदा, १ टेबलस्पून बेकिंग पावडर, २ टेबलस्पून साखर, १ टीस्पून मीठ. सगळं चाळून घ्या आणि ३३० मिलीची बाटली ओता. फार तर पंधरा-वीस वेळा हलवा. मिश्रण गुठळ्यांचं, भज्यांच्या पिठापेक्षा बरंच घट्ट दिसायला हवं. ते गुळगुळीत करायच्या नादात ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) तयार होतं, वायू निसटतो आणि ब्रेड घट्ट, जड होतो. मिसळल्यावर ठेवू नका, लगेच टिनमध्ये. वरून ५० ग्रॅम वितळलेलं लोणी. १९० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं.

चिकटपणाचं मुख्य कारण घाई. वरचं लोणी लवकर लालसर होतं आणि ब्रेड झाला असं वाटतं. सुरी मध्यभागी खुपसून कोरडी निघते का तेच बघा. आणि किमान अर्धा तास जाळीवर निवल्याशिवाय कापू नका. आयपीए (इंडिया पेल एल, जास्त कडू बिअर) मात्र टाळा, तिचा कडूपणा ब्रेडमध्ये स्पष्ट लागतो.