इन्फ्लेटरचं बटण अडकलं तर?

स्कूबा डाइव्हिंगला शिशाचं वजन जास्त लावलं तरी बीसीडीत (पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटमध्ये) हवा भरून भागवता येतं असं या चर्चेत एकाने म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. शिसं जास्त तितकी हवा जास्त, आणि ती हवा वर येताना ५ मीटर खोलीच्या आसपास आलं की अशी फुगते की सेफ्टी स्टॉपला (पाण्याबाहेर येण्याआधीच्या थांब्याला) ३ मिनिटं एका जागी टिकणंच मुश्किल. अगदी कमीही नको म्हणा, कारण ११ लिटरचा अॅल्युमिनियम सिलिंडर हवा वापरून २०० बार दाबावरून ५० वर येईस्तोवर जवळजवळ २ किलोने हलका होतो, त्यामुळे वजन बरोबर आहे का ते डाइव्ह संपताना बघायचं.

पण इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायच्या नळीवरचं) बटण अडकण्याबद्दल अजून कोणीच लिहिलं नाहीये. माझं अंदमानात हॅवलॉकला झालंय, भाड्याचं बीसीडी, १२ मीटरवर बटण जरासं दाबलं आणि सोडलं तरी फुस्स चालूच, मी आपला वर निघालो, दोन सेकंद कळेचना काय चाललंय. नशीब कोर्समध्ये घोटून घेतलं होतं, श्वास सोडत सोडत एका हाताने हवा सोडायच्या डंप व्हॉल्वची दोरी ओढली आणि दुसऱ्याने सिलिंडरची हवा इन्फ्लेटरला आणणाऱ्या लो प्रेशर होजची कॉलर मागे सरकवून ती काढून टाकली. बडीला (जोडीदाराला) खूण केली, डाइव्ह तिथेच संपवली, वर आल्यावर बीसीडी तोंडाने फुगवलं (इन्फ्लेटरवरचा माउथपीस त्यासाठीच असतो, शोभेला नाही). बहुतेक आत मीठ साचलं होतं. आता बोटीतच हवा भरायचं आणि सोडायचं अशी दोन्ही बटणं चार-पाच वेळा दाबून बघतो आणि होज एकदा काढून परत लावतो, बोटीतले हसले तरी.