वाडीचं मंडळ गणपती-शिमग्यापुरतं न राहता वर्षभर कामाला कसं येईल?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला, खाडीलगत आमची वाडी. वाडीत ग्रामस्थ मंडळ, महिला मंडळ आणि मुंबईत चाकरमान्यांचं मुंबई मंडळ, सगळ्या कोकणात असतं तसंच. वर्गणी चांगली जमते, गणपतीत आणि शिमग्याला पालखी येते तेव्हा घरं भरलेली असतात, आणि चाकरमानी परत गेले की निम्म्या घरांना कुलूप आणि बाकीच्या घरांत म्हातारी माणसं. मागच्या पावसात एक आजोबा न्हाणीघरात पडले, घरात एकटेच, सकाळी शेजारची काकू दूध द्यायला गेली तेव्हा कळलं. रात्रभर तसेच पडून होते. जीव वाचला पण मला तेव्हापासून चैन नाही. एवढं मोठं मंडळ असून आपल्याला कळू नये म्हणजे काय.

तर मंडळाने वर्षभर काहीतरी करावं असं आम्ही चार-पाच जण म्हणतोय. तब्येतीचं बघणं, पेन्शन आणि दाखल्यांची कामं, आणि आमच्याकडे नमन या आपल्या लोकनाट्यातली चांगली पोरं आहेत त्यांच्यासाठीपण काहीतरी. वाचनालयाची एक खोली आहे, ती बंदच असते. मुंबई मंडळ म्हणतंय अँब्युलन्स घेऊन देतो. घ्यावी का? नोंदणी लागते का? आणि सुरुवात नक्की कशापासून करायची, ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सड्यावरची:
दादा मी आरोग्य खात्यात नर्सबाई होते, आता रिटायर. अँब्युलन्सचं आत्ता राहू दे. गाडी घेणं सोपं, पण ड्रायव्हर, डिझेल, इन्शुरन्स हे दर महिन्याचं असतं आणि दोन वर्षांनी ती गाडी माडाखाली उभी दिसते. १०८ फुकट येते, गरोदर बाईसाठी १०२ आहे. आपल्याकडे अडतं ते शेवटच्या टप्प्यात, गाडी फाट्यापर्यंत येते आणि पुढे वाडी सापडत नाही, किंवा पाखाडीच्या पायऱ्या उतरून पेशंटला वर आणायला माणसं नसतात. एक स्ट्रेचर घ्या, उचलायला कोण येणार त्यांचे फोन नंबर प्रत्येक घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आणि फाट्यावर कोण उभं राहणार ते आधीच ठरवा.

मग वाचनालयाची खोली उघडा. महिन्यातला एक वार पक्का करा आणि उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना जाऊन भेटा, त्यांनाही गावोगाव फिरण्यापेक्षा माणसं एका जागी मिळाली तर हवंच असतं. बीपी, शुगर तपासणं उपकेंद्रात मोफतच आहे, गोळ्याही मिळतात. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाला सांगा की घरातली सगळी औषधं पिशवीसकट घेऊन या. आमच्याकडे एका आजींनी पिशवी चटईवर रिकामी केली तर बीपीच्या दोन स्ट्रिपा निघाल्या, एक गावच्या डॉक्टरांनी दिलेली, एक मुलाने मुंबईहून पाठवलेली, कंपनी वेगळी, औषध तेच, आणि त्या दोन्ही घेत होत्या, म्हणून उठलं की चक्कर. त्यांच्याच शेजारी बसलेल्या बाई गोळी एक दिवसाआड घेत होत्या, संपली तर आणायला कोण जाणार म्हणून. हे कुठल्याही मोठ्या शिबिरात कळत नाही. शिबिरात दोनशे माणसं रांगेत, कोण कोणाची पिशवी बघतो.

पावसाच्या तोंडावर एक दिवस लेप्टोच्या तापासाठी (लेप्टोस्पायरोसिस) ठेवा. लावणीच्या चिखलात उंदराच्या मुतातून तो येतो, पायाला चीर-जखम असली की आत जातो. चिखलात उतरणाऱ्यांसाठी प्रतिबंधक गोळ्या आरोग्य खातं देतं, सिस्टर सांगतील तशाच घ्यायच्या, आणि लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या की अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

देवरुखकर:
वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. आमच्या देवरुखचं मातृमंदिर बघून या एकदा. मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं, बास, तेवढंच. बाळंतपणाला येणाऱ्या बायका बघता बघता निराधार मुलांचा प्रश्न समोर आला, तर मुलांसाठी गोकुळ उभं राहिलं, मग बालवाड्या, मग शेती-पाण्याची कामं. एकातून एक निघत गेलं. तुम्ही आरोग्य, पेन्शन, कला असं तिन्हीचं एकदम प्लॅनिंग करताय ते ठीक आहे पण दारात आलेल्या माणसाची अडचण बघून पुढचं काम ठरवलं तर ते टिकतं.

आणि हे काम आपल्या जिल्ह्यातच जास्त लागणार आहे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका. म्हणजे कमावता पुरुष मुंबईला आणि गावात कोण, ते सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून तुमच्या मंडळाच्या कमिटीत निम्म्या तरी बायका पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात राहतात त्यांनी ठरवावं.

हिशोबनीस:
नोंदणीबद्दल. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंदणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होते. किमान सात सभासद लागतात. तुमचं मंडळ आधीपासून नोंदलेलं असू शकतं, बऱ्याच मुंबई मंडळांची नोंदणी जुनी असते, आधी कपाटातला दाखला शोधा. मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, काढून वाचा, उद्देशात फक्त धार्मिक उत्सव लिहिलेलं असेल तर आरोग्य, शिक्षण, कला हे उद्देश घालून घ्यावे लागतील. नोंदणी नसेल आणि गणपतीपुरती वर्गणी काढता तर कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी असते, पण तिच्यावर वर्षभराचं काम चालत नाही.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. गावाकडे हेच राहून जातं आणि दहा वर्षांनी रेकॉर्डवर वारलेली माणसं विश्वस्त असतात, मग बँक खातं अडकतं. मोठ्या देणग्या हव्या असतील तर आयकर सवलतीची नोंदणी करून घ्या, लोक तिला १२ अ आणि ८० जी म्हणतात. बाकी पहिलं वर्षभर असल्या कामाला पैसे फार लागतच नाहीत हो, बीपीचं मशीन, खुर्च्या, चहा. उत्सवाचा हिशोब आणि या कामाचा हिशोब मात्र वेगळ्या वहीत ठेवा. भांडणं तिथेच होतात.

कुडाळचो:
आमच्या सिंधुदुर्गातला अनुभव सांगतो. आमच्याकडे म्हण म्हणा की काय पण जुनी माणसं म्हणतात, म्हातारी माणसां डॉक्टराक जा सांगणत नाय ता भजनाक इल्यावर सांगतत. म्हणजे डॉक्टरला जे सांगत नाहीत ते भजनाला आल्यावर सांगतात. खरं आहे ते. "तपासणी शिबिर" म्हटलं की आमची आजी यायची नाही, मी काय आजारी आहे का म्हणायची, आणि भजन म्हटलं की दुपारी दोनलाच लुगडं बदलून तयार. म्हणून तपासणी आणि भजन एकाच दिवशी एकाच खोलीत ठेवा. आधी तपासणी, मग टाळ. जी बाई दर वेळी येते आणि आज आली नाही तिच्या घरी कोणीतरी लगेच जाऊन यायचं. तुमच्या आजोबांसारखं होऊ नये म्हणून यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

नमनाच्या पोरांचं म्हणालात. त्यांना फक्त प्रयोगाला उभं करू नका, त्यांना म्हाताऱ्यांसमोर बसवा. जुन्या गवळणी, मृदंगाचे बोल, संकासुराचे संवाद हे ज्यांना पाठ आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, मोबाईलवर रेकॉर्ड करा, वहीत उतरवा. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या घरातच जपल्या, २०२१ ला पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कित्येक वर्षं ते काम चालूच होतं.

अजून एक, हे खूप जणांना माहीत नसतं. म्हाताऱ्या कलाकारांना सरकारचं मानधन आहे, राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना, वय ५० च्या वर पाहिजे, महिना ५००० मिळतात. अडचण अशी की कला सादर केल्याचे पुरावे लागतात आणि आपल्या नमन-जाखडीवाल्यांनी कधी कागद ठेवलेलेच नसतात. जुन्या पत्रिका, फोटो, पेपरातली कात्रणं, मंडळाचं पत्र हे सगळं गोळा करून द्यायचं काम तुमची पोरं करू शकतात. आयुष्यभर मृदंग वाजवलेल्या माणसाच्या हातात ते पैसे पडले की घरात त्याला मान मिळतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

लालबागवाला:
मी मुंबई मंडळाच्या बाजूने बोलतो. आमचा गाव लांजा तालुक्यात. अँब्युलन्सचे पैसे द्यायला तयार असलेल्या लोकांना दुसरं काम द्या, ते नाराज होणार नाहीत. गावातला पेशंट केईएमला किंवा टाटाला येतो तेव्हा त्याचे हाल होतात, केस पेपर कुठे, कुठली बिल्डिंग, रात्री नातेवाईक झोपणार कुठे. आम्ही दर महिन्याला दोन माणसं ठरवून ठेवतो, गावातून फोन आला की त्यांनी हॉस्पिटलात पोचायचं. आणि राहायला गावच्या खोल्या होत्याच पूर्वीपासून, एकेका खोलीत वीस-वीस जण राहून आपल्या आज्यांनी-बापांनी मिलमध्ये दिवस काढले, ती सवय अजून कामाला येते.

योजनांची माहितीपण आम्हीच छापून पाठवली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार आहेत, पांढरं रेशनकार्डवालेसुद्धा त्यात येतात, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला आधी भेटायचं, बिल भरून झाल्यावर नाही. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्न बघत नाहीत. मुंबईतल्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्याच लागतात. एका ठिकाणी आम्हाला सरळ "खाट नाही" सांगितलं होतं, आम्ही समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटून लेखी द्या म्हटलं, संध्याकाळी खाट मिळाली. गावचा एकटा म्हातारा हे करू शकला नसता.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आशाताईंना भेटलो, त्या लगेच तयार झाल्या, मंगळवार म्हणाल्या. नोंदणीचा दाखला सापडला, मुंबईला एका काकांच्या ट्रंकेत होता, त्यातले विश्वस्त बघून हिशोबनीस म्हणतात तेच झालंय, सातातले चार हयात नाहीत. ते काम सुरू करतो.

एक विचारायचं राहिलं. श्रावणबाळ पेन्शनसाठी बऱ्याच जणांचे अर्ज अडलेत. आणि दोन घरांतली माणसं अशी आहेत की ती भजनालापण येणार नाहीत, कोणाकडे जात नाहीत, बोलत नाहीत. त्यांचं काय करावं?

सड्यावरची:
श्रावणबाळला वय ६५ आणि उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत, अर्ज तहसीलला जातो. अडतात ते वयाच्या पुराव्यावर आणि आधारवरच्या नावावर. आपल्या बायकांची माहेरची आणि सासरची नावं वेगळी, एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर ते. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात म्हणून ते आधी जुळवून घ्या. दहा जणांचे कागद तयार झाले की एक गाडी करून सगळ्यांना एकदमच तहसीलला न्या, एकेकटे गेले तर परत पाठवतात आणि मग ती माणसं पुन्हा जात नाहीत.

न बोलणाऱ्यांकडे घोळक्याने जाऊ नका. एकच माणूस ठरवा, शक्यतो त्यांच्याच वयाचा, आणि त्याने दर आठवड्याला जायचं, काही विचारायचं नाही, अंगणात बसून सुपारी कातरायची आणि यायचं. जेवण कमी झालंय, झोप नाही, मरणाच्या गोष्टी करतात असं दिसलं तर थांबू नका, १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा, पुढे लागलं तर रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याला वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून घाबरायचं कारण नाही. म्हाताऱ्यांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइनपण आहे. हे दोन्ही नंबर भिंतीवरच्या त्या कागदावर १०८ च्या खाली लिहा. आणि मंगळवारी खोली उघडाल तेव्हा बाहेर पायरीला धरायला एक दांडा लावून घ्या, पावसात ती पायरी निसरडी होते आणि गुडघे दुखणाऱ्या बायका तिथूनच परत जातात.